दुसरा रिमोट

दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं, अंबादास.
पहिल्याला होतं, आणि पहिला कायम तुझा,
कारण गड्ड्यातून तो डबा आणावा म्हणून
तू दोन दिवस जेवला नव्हतास
आणि मी जेवत होते.

भिंतीपलीकडं गाजूल मामांचे चार माग,
खटक फटक, खटक फटक,
गेमचं गाणं आपल्याला कधी ऐकूच आलं नाही.
परवा कुणाच्या तरी मोबाईलवर वाजलं,
पोरं नाचली, मी ओळखलं नाही.
माझ्या आठवणीत तो माणूस
मागाच्या तालावर उड्या मारतो.

मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा.
अम्माची पाठ वळली की एक शत्रू,
अम्मा वळली की एक विडी.
हजाराला किती मिळायचे ते तुला माहीत नाही,
तुझा स्कोअर तुला पाठ होता.

तीन-तीन जीव असायचे दोघांना.
तुझे संपले की कोपर बसायचं बरगडीत,
"अक्का, एक जीव दे की."
द्यायचे.
एकदा मी मागितला,
तू म्हणालास, थांब, शेवटचा राक्षस आहे.
तेवढ्यात लाईट गेली.
उद्या पुन्हा पहिल्या पायरीपासून.
त्या डब्याला काहीच लक्षात राहायचं नाही,
ते एक बरं होतं.

माझ्या लग्नाला म्हणून केलेल्या पाटल्या
सराफाच्या तराजूत गेल्या, तुझी पहिली फी,
तेव्हा कोपर कुणी मारलं नव्हतं.
हे सुनवायला लिहीत नाही.
हिशेब विड्यांचा असतो, शंभराला एक खराब धरून.

रात्री दीडला फोन.
तुझ्याकडं नऊच.
"अक्का, काय करूलालीस?"
काय करणार, झोपलेवते की.
तू सांगतोस: गावाचं नाव लिहितात लोड्झ
आणि म्हणतात वूच,
तिथंही गिरण्या होत्या, लाल विटांच्या,
बंद पडल्या, पण धुऊनपुसून आत दुकानं थाटली.
आपल्याकडं भिंतीतून पिंपळ आला, तेवढंच थाटलं.
चारला अंधार पडतो. भात खाली लागतो.
खोलीत तिघं, तिघांच्या कानाला हेडफोन,
त्यांच्या गेममधल्या माणसाला घामसुद्धा येतो,
मेला तर डोळे मिटतो.
"मला आपला चौकोनी माणूस पाहिजे गं,
मेला की नुसता लुकलुकणारा."
मग हळूच: एक पेपर राहिलाय.
अम्माला सांगू नको.

आणि जाताजाता,
पार्सलात रिमोट टाक. पहिला.
टेबलावर ठेवतो.

माळ्यावर चढले. डबा सापडला,
पट्टीच्या पिशवीत, अम्माच्या गाठी मारलेला.
आपल्या नव्या टीव्हीला मागं ती पिवळी, पांढरी भोकंच नाहीत.
दोन्ही रिमोट एकमेकांत गुंतलेले,
वायर सोडवायला अर्धा तास.
भावाचं काही मागं ठेवू नये म्हणतात.
मी ठेवलं.

अशोक चौकातल्या कुरिअरवाल्यानं विचारलं, आत काय?
शेंगा चटणी, कडक भाकरी, एक चादर,
आणि हे.
त्यानं उलटंपालटं करून बघितलं.
"चालू वस्तू आहे? बॅटरी?"
नाही म्हटलं.
यातनं काही चालू होत नाही.

उघडशील तेव्हा चिडशील, माहीत आहे.
दुसरा आहे तो. स्टार्ट नाही, थांबवायचंही नाही.
पेपर पुन्हा दे.
जीव लागला तर माग, पण आधी मोजून बघ,
माझ्याकडं किती उरलेत.

पहिला माझ्या सुपात आहे, पानांखाली.
रात्री अम्मा झोपली की काढते.
बटण जरा बसलंय,
अंगठा रेटावा लागतो.
टक.
गाजूल मामांचे माग विकून दोन वर्षं झाली,
म्हणून ऐकू येतं.